‘कुळात काही नाही ना?’

महाराष्ट्रातल्या कुठल्याही सोनोग्राफी केंद्रात गेलात तर भिंतीवर दोन गोष्टी दिसतात. एक पाटी : येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. आणि दुसरे, चौकटीत बसवलेले नोंदणी प्रमाणपत्र. पाटी सगळे वाचतात, प्रमाणपत्राकडे कोणी बघत नाही. आमच्या श्रीरामपुरातही यापेक्षा वेगळे चित्र नाही. पण ते प्रमाणपत्र वाचण्यासारखे आहे. नोंदणीच्या त्या इंग्रजी नमुन्यात ‘जेनेटिक काउन्सेलिंग सेंटर’, ‘जेनेटिक लॅबोरेटरी’, ‘जेनेटिक क्लिनिक’ हे शब्द ओळीने येतात. आईबापांकडून मुलांकडे जाणाऱ्या आजारांविषयी शांतपणे बसून समजावून सांगणारा माणूस तालुक्याच्या गावी शोधायला निघालात, तर सहसा हात हलवत परत यावे लागेल. शब्द मात्र गावोगाव भिंतीवर टांगलेले आहेत. ते तिथे कसे पोहोचले, आणि ते पोहोचण्याआधी आपल्याकडे हा सल्ला कोण देत होते, हे पाहताना मी बराच मागे गेलो.

मागे म्हणजे थेट स्मृतींपर्यंत. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात विवाहासाठी टाळायच्या दहा प्रकारच्या कुळांची यादी आहे. गाई, शेळ्या, धनधान्य कितीही असले तरी या कुळांतली मुलगी करू नये, असे ती सांगते. यादीत क्षयाचे कूळ आहे, अपस्माराचे आहे, कोडाचे आणि कुष्ठाचे आहे, मूळव्याधीचेही आहे. याज्ञवल्क्यस्मृतीही कितीही भरभराटीचे कूळ असले तरी त्यात संचारी रोग असेल तर ते वर्ज्य मानते. यातले काही रोग जंतूंमुळे होतात आणि काहींचा आनुवंशिकतेशी संबंध फार थोडा, हे आज आपल्याला माहीत आहे. तो दोष त्या काळाचा. माझे लक्ष गेले ते यादीतल्या वेगळ्याच एका नोंदीकडे. ज्या कुळात पुरुषसंतती होत नाही, तेही कूळ रोगी कुळांच्याच रांगेत बसवलेले आहे. वंशात येणारा आजार आणि मुलगा न होणे, या दोन गोष्टी एकाच दमात उच्चारण्याची सवय इतकी जुनी आहे. ही नोंद वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण ती पुढे पुन्हा भेटणार आहे, आणि तीही विधिमंडळाच्या कायद्यात.

स्मृती किती लोकांनी वाचल्या हा प्रश्न वेगळा. ‘स्थळ पाहणे’ मात्र सगळ्यांनी केले. सोयरीक जुळवताना पत्रिका पाहिली जाते, देणेघेणे ठरते, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे कधीतरी दोन्ही घरे ओळखणाऱ्या मध्यस्थाला बाजूला घेऊन हळूच विचारले जाते : ‘कुळात काही नाही ना?’ काही म्हणजे काय, ते बोलायचे नसते. कोड, फेफरे, वेड, घरात कोणी न बोलणारे, कोणाची मुले न जगणे. मध्यस्थ काय सांगतो ते त्याच्या संबंधांवर अवलंबून. आणि ज्याच्या घरी खरोखर काही असते, त्याच्यासाठी झाकली मूठ सव्वा लाखाची. आनुवंशिक सल्ल्याची आपली मूळ व्यवस्था ही अशी होती. माहिती मिळवायची, पण दुसऱ्याची. स्वतःची द्यायची नाही. निर्णय वडीलधाऱ्यांचा. आणि ज्या दोघांच्या अपत्यांचा प्रश्न, त्यांना बहुधा यातले काही ऐकूही येत नसे.

याच व्यवस्थेत आणखी एक धागा होता. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नातेव्यवस्थेवरच्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण या दोन रीतींच्या सांध्यावरचा प्रदेश असल्याचे दाखवून दिले. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न नाही, दक्षिणेत ते पसंतीचे. आपल्याकडे अनेक जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची मात्र सहसा नको. मामाच्या मुलीचा एक मोठा फायदा लोकांना वाटे : घर ओळखीचे, म्हणजे ‘काही’ असेल तर ते आधीच ठाऊक. आनुवंशशास्त्र नेमके इथे अडते. सख्ख्या मामे-आतेभावंडांत साधारण एक अष्टमांश जनुके सामाईक असतात. आजोबांकडून दोन्ही शाखांत उतरलेला एखादा अप्रकट दोष कोणालाच दिसलेला नसतो. तो नातवंडांच्या लग्नात समोरासमोर येतो. भीती मात्र अवाजवी नको. कुठल्याही जोडप्याच्या बाळात गंभीर जन्मजात दोष असण्याची शक्यता शेकडा दोन-तीन असते, अशा विवाहात ती आणखी दोन-तीनाने वाढते. म्हणजे शंभरातली नव्वदहून अधिक मुले ठीकच असतात, आणि म्हणूनच ‘आमच्यात पिढ्यान्पिढ्या चालत आलंय, काही झालं नाही’ हे उत्तर बहुतेक घरांत खरे ठरते.

शास्त्र म्हणून हा विषय मराठीच्या अंगणात आला तो १९२०च्या दशकात, आणि आला तो सल्ल्याच्या नव्हे, आज्ञेच्या सुरात. ना. सी. फडके आपल्याला कादंबरीकार म्हणून माहीत आहेत. त्यांनी १९२७ साली भारतातील लैंगिक प्रश्नावर एक इंग्रजी पुस्तक लिहिले, त्याला मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना होती, आणि त्याच्या उपशीर्षकातच भारतात सुप्रजननाच्या चळवळीची मागणी होती. त्याच वर्षी र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ सुरू झाले. मुंबईत १९३४ पासून डॉ. ए. पी. पिल्ले यांचे ‘मॅरेज हायजीन’ निघू लागले. संततिनियमन आणि सुप्रजनन या दोन विचारांची तेव्हा गल्लत होती, आणि ती जगभर होती. स्त्रीला नको असलेले मूल टाळता यावे, हा एक विचार. ‘चांगल्या’ लोकांनी जास्त आणि ‘वाईट’ लोकांनी कमी मुले जन्माला घालावीत, हा दुसरा. पहिल्यात ठरवणारी व्यक्ती आहे, दुसऱ्यात ठरवणारे तज्ज्ञ. या काळच्या आपल्या सुधारकांकडे आदराने पाहताना ही दुसरी बाजू मराठीत फारशी बोलली जात नाही, असे मला वाटते.

र. धों.चे धाकटे सावत्र भाऊ दिनकर यांच्या पत्नी इरावती याच दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर. संस्थेच्या नावातच मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन हे तीनही शब्द होते, आणि पुढे नाझी राजवटीत या संस्थेने काय केले तो इतिहास काळाकुट्ट आहे. इरावतीबाईंना विषय मिळाला कवट्यांच्या असममितीचा. गोऱ्या वंशाच्या कवटीची ठेवण वेगळी आणि म्हणून त्यांची बुद्धी वरचढ, असे काही निघावे ही गुरूंची अपेक्षा. बाईंनी मापे घेतली आणि वंशाचा तसा काही संबंध दिसत नाही, असे लिहून दिले. ‘युगान्त’च्या वाचकांना या स्वभावाचे नवल वाटणार नाही.

‘जेनेटिक काउन्सेलिंग’ हा शब्दप्रयोग त्यानंतर आला. १९४७ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या डाइट इन्स्टिट्यूटमध्ये शेल्डन रीड यांनी तो घडवला. ही संस्था ज्या चार्ल्स डाइट यांच्या देणगीतून उभी राहिली ते कट्टर सुप्रजननवादी. १९३३ साली त्यांनी हिटलरला कौतुकाचे पत्र धाडले होते. त्याच पैशावर चालणाऱ्या संस्थेत बसून रीड म्हणत होते की आपले काम कुटुंबाला माहिती देणे आणि आधार देणे एवढेच; समाजाची पैदास सुधारणे हे आपले काम नव्हे. निर्णय कुटुंबाने घ्यायचा. पुढे जगभर या व्यवसायाने हेच तत्त्व मानले : सांगा, समजावा, पण ठरवू नका.

इकडे मुंबईत त्याच सुमारास वेगळेच काम चालले होते. एल. डी. संघवी आणि डॉ. व. रा. खानोलकर यांनी मुंबईतल्या सहा अंतर्विवाही गटांचे सात आनुवंशिक गुणधर्म तपासले आणि ते १९४९ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये छापून आले. (या नियतकालिकाने पाचच वर्षांनी आपल्या नावातून ‘युजेनिक्स’ काढून टाकले.) १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली, तोच पुढे ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून जगाला माहीत झाला. हा गट येण्यासाठी तोच दुर्मीळ अप्रकट घटक आईकडून आणि वडिलांकडून, दोघांकडूनही यावा लागतो. १९५७ साली परळच्या केईएम रुग्णालयाच्या परिसरात रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झाले. आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था तिथूनच वाढली. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. इरावतीबाई आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९६८ मध्ये एकाच दर्जाच्या समजल्या जाणाऱ्या आठ अंतर्विवाही गटांची तुलना करून दाखवले की जवळच्या मानलेल्या पोटजातीही जैविक दृष्ट्या वेगवेगळ्या असू शकतात.

ही सगळी कामे अव्वल दर्जाची. पण त्यांची मांडणी पाहा : प्रत्येक तक्त्याच्या डाव्या रकान्यात जातीचे नाव. शास्त्रज्ञांची अडचण समजते, कारण जातीबाहेर लग्न होत नाही तिथे जनुकेही जातीबाहेर जात नाहीत. तरी तक्ता प्रयोगशाळेतून गावात उतरला की त्याचे काय होते? सिकलसेल विदर्भातल्या अनुसूचित जातींमध्ये आणि आदिवासींमध्ये अधिक आढळला, आणि तो ‘त्या लोकांचा आजार’ झाला. फाळणीनंतर कल्याणच्या छावणीत, म्हणजे आजच्या उल्हासनगरात, आलेल्या सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक जास्त, तर तो सिंध्यांचा झाला. या दोन्ही आजारांचे एक प्रत रूप अंगात असणे म्हणजे आजारी असणे नव्हे. उलट सिकलसेलचे एकेरी रूप हिवतापापासून बचाव करते, हे अ‍ॅन्थनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ सालीच आफ्रिकेत दाखवले. डासांच्या प्रदेशात पिढ्यान्पिढ्या तगून राहिल्याची ती खूण आहे. मराठीत आपण त्याला ‘वाहक’ म्हणतो. पण ‘वाहक’ हा शब्द पटकीच्या काळापासून आपण रोग पसरवणाऱ्यासाठी वापरला, आणि ऐकणाऱ्याच्या कानात तोच अर्थ शिल्लक आहे. लाल परीचा वाहक म्हटले तर कोणी दचकत नाही; मुलगी वाहक आहे म्हटले की बैठक उठते.

आता भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे येतो. गर्भजल तपासणी भारतात १९७५च्या सुमारास दिल्लीच्या एम्समध्ये सुरू झाली. हेतू गर्भातले दोष ओळखण्याचा. लवकरच दिसून आले की लोकांना दुसरेच उत्तर हवे आहे. सरकारी रुग्णालयांत बंदी आली, आणि तंत्र खासगी दवाखान्यांत गेले. १९८६ मध्ये डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली, त्यांतले ४२ जण लिंग समजून घेण्यासाठी ही तपासणी करत होते. स्त्री संघटनांनी आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी मंच उभारून चळवळ केली, आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. १९९४ चा केंद्रीय कायदा त्याच्याच वाटेने गेला. तो १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये आणखी कडक झाला.

कायद्यापुढे पेच होता. तपासणी सरसकट बंद केली तर ज्यांना खरोखर थॅलेसेमियाची किंवा गुणसूत्रदोषाची भीती आहे त्यांनी जायचे कुठे? म्हणून कायद्याने आनुवंशिक आजारांसाठी दार उघडे ठेवले, आणि त्या दारावर पहारा बसवला. सल्ला केंद्र, प्रयोगशाळा, चिकित्सालय या पहाऱ्याच्या चौक्या. पुढे साध्या सोनोग्राफीलाही त्याच नोंदणीत यावे लागले. ‘जेनेटिक काउन्सेलिंग’ हे शब्द गावोगावच्या भिंतींवर आले ते या मार्गाने. मनुस्मृतीच्या यादीत एका रांगेत बसलेल्या त्या दोन गोष्टी इथे एकाच कायद्यात पुन्हा शेजारी आल्या. फरक एवढाच की मुलगी होणे हा दोष नाही, हे सांगण्यासाठी. हा कायदा नको होता असे मी म्हणत नाही. आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे २००१ साली ८८४ मुली होत्या आणि २०११ साली ८५२, म्हणजे पहाराही पुरेसा पडला नाही. पण पहाऱ्याच्या या तीस-पस्तीस वर्षांत ज्याच्यासाठी दार उघडे ठेवले तो सल्ला नोंदणीच्या रकान्यातच राहिला.

या कायद्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटतात ती कलमे वेगळीच. कलम ५ म्हणते की तपासणीचे परिणाम गर्भवतीला समजावून सांगून तिला समजणाऱ्या भाषेत तिची लेखी संमती घ्यावी. तिची; नवऱ्याची किंवा सासऱ्याची नव्हे. आणि कलम २४ म्हणते की उलट सिद्ध होईपर्यंत न्यायालयाने असे गृहीत धरावे की स्त्रीला लिंगनिदानासाठी नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी भाग पाडले. एकाच कायद्यात एकीकडे ती स्वतंत्र निर्णय घेणारी व्यक्ती आहे आणि दुसरीकडे दबावाखालची सून. दोन्ही खरे आहे. रीड यांच्या ‘निर्णय कुटुंबाने घ्यावा’ या वाक्यातल्या कुटुंबात कोण कोण बसते, हे आपल्या विधिमंडळाला आणि संसदेला बरोबर माहीत होते.

थॅलेसेमियाचे उदाहरण घेऊ. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता चारात एक. आजारी मुलाला तीन-चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, जन्मभर; त्या रक्तातून साचणाऱ्या लोहासाठी औषधे वेगळी. गर्भाची तपासणी दहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान करता येते. त्याआधी दोघांचे रक्त तपासलेले हवे. आता आपल्याकडची रीत : तीन महिने पुरे होईपर्यंत बातमी कोणाला सांगायची नाही. सांगितली जाते, नाव नोंदवले जाते, तेव्हा बहुधा ती मुदत उलटत आलेली असते. मग तिचे रक्त, मग ‘नवऱ्याचेही आणा’, मग नवरा म्हणतो मला काय झालंय. शेजारच्या राहाता तालुक्यात लोणीला वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण गर्भाच्या जनुकीय तपासणीसाठी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागते. गर्भपाताच्या कायद्याने १९७१ साली घातलेली वीस आठवड्यांची मर्यादा २०२१ मध्ये काही स्त्रियांसाठी चोवीसवर नेली, आणि गर्भात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळाच्या संमतीने ती उठवली. त्याआधी, २००८ साली, गर्भाच्या हृदयात दोष निघालेले मुंबईतले एक दांपत्य मर्यादा उलटल्यावर उच्च न्यायालयात गेले आणि त्यांना परवानगी नाकारली गेली. निर्णय घेण्याची इच्छा असून वेळ संपलेली, अशी ती गोष्ट होती.

आणि मूल आजारी जन्मले तर? आजार दोन्हीकडून आल्याशिवाय होतच नाही, हे शास्त्र निःसंदिग्ध सांगते. घरात मात्र ‘आमच्यात असलं काही नव्हतं’ हेच वाक्य उच्चारले जाते, आणि ते कोणाला उद्देशून असते ते सांगायला नको.

मग तपासणी लग्नाआधीच करावी, असे सहज सुचते. या बाबतीत भूमध्य समुद्राच्या काठावरची दोन उदाहरणे बोलकी आहेत. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस गावात सिकलसेलचे वाहक बरेच होते. १९६६ पासून तिथे सगळ्यांची तपासणी करून, लग्न ठरवताना हे पाहा, असे सांगण्यात आले. तिथेही लग्ने घरच्यांनी ठरवायची पद्धत होती. सात वर्षांनी स्टामाटोयानोपोलोस या संशोधकाने पाहिले, तर वाहक-वाहक लग्ने जवळपास तेवढीच झाली होती जेवढी काहीच न सांगता झाली असती. काहींनी निकाल लपवला होता. आणि वाहकांवर, विशेषतः लग्नाच्या बाजारात, नवा डाग मात्र बसला होता. दुसरे उदाहरण सायप्रसचे. तिथे सातातला एक माणूस थॅलेसेमियाचा वाहक. तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चने १९८३ पासून लग्नासाठी तपासणीचे प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली. पण त्या प्रमाणपत्रावर निकाल नसतो. या दोघांची तपासणी झाली आहे आणि त्यांना समजावून सांगितले आहे, एवढेच त्यावर लिहितात. निकाल कळतो फक्त त्या दोघांना, आणि तोही एकमेकांची निवड झाल्यावर. दोघेही वाहक निघालेल्या बहुतेक जोडप्यांनी लग्न मोडले नाही. पुढे गर्भतपासणीचा मार्ग घेतला. दरवर्षी जन्मणाऱ्या आजारी मुलांची संख्या जवळजवळ शून्यावर आली.

गावोगावच्या या हकिगती वाचताना ऑर्कोमेनोस मला आपल्या तालुक्यातले वाटते, आणि सायप्रस लांबचे. आपल्याकडे तपासणीचा निकाल हा दोन माणसांमधला मजकूर राहत नाही, तो ‘स्थळा’चा भाग होतो, आणि झाकायचे ओझे मुलीच्या घरावर अधिक.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट. तपासलेल्या माणसाला कार्ड मिळते, आणि लग्नाआधी पत्रिकेप्रमाणे ही कार्डे जुळवून पाहा, असे सांगितले जाते. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, आणि पत्रिकेची उपमा लोकांना चटकन समजते हेही खरे. पण मंगळ असलेल्या मुलीचे आपण काय करत आलो, तेही लोकांना तितकेच चटकन आठवते. सायप्रसच्या कागदावर निकाल लिहीत नाहीत. आपल्या कार्डावर तो लिहिलेला असतो. पाहायला आलेली मंडळी चहा-पोहे झाल्यावर कोणाचे कार्ड आधी मागतील, मुलाचे की मुलीचे, याचे उत्तर अभियानाच्या पुस्तिकेत नाही.